काळ्या-पांढऱ्याची रंगीत कहाणी

वडिलांचा १९७२ सालचा एकच फोटो आमच्याकडे आहे. साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. वर्षश्राद्धाला तो मोठा करून न्यायचा, म्हणून शारजातल्या घरी इंकजेट प्रिंटर घेऊन बसलो. रात्री दिव्याखाली छाप झकास वाटली. सकाळी आईने ती खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, "अरे, हे असे शेवाळल्यासारखे का दिसतायत?"

इंजिनिअरिंगमधली पीएच.डी. अशा वेळी कामाला येत नाही. इतिहासच चाळावा लागतो.

इंकजेटला कलाछपाईत मान मिळवून दिला तो, गंमत म्हणजे, एका गायकाने. ग्रॅहॅम नॅश हा छायाचित्रांचा दर्दी. छापखान्यात नमुने काढण्यासाठी बनवलेले आयरिस ३०४७ हे सव्वा लाख डॉलरचे यंत्र वापरून त्याने १९९१ साली कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' सुरू केली. त्या शाया मात्र लवकर उडत. २००० साली एप्सनने टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईचा २०००पी आणला. रंग टिकले, पण उन्हात करडा हिरवट दिसू लागला!

कारण साधे आहे. काळी शाई एकच असेल, तर फिका करडा दाखवायला तिचे ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि ते डोळ्यांना खुपतात. म्हणून प्रिंटर निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून करडा 'बनवतो'. दिव्याखाली जमलेले हे मिश्रण सूर्यप्रकाशात फुटते. डार्करूममधल्या फोटोत हा घोटाळा नसे; तिथे सगळा करडा एकट्या चांदीच्या कणांचा.

अल-ऐनच्या जाहिली किल्ल्यात विल्फ्रेड थेसिजरची छायाचित्रे आहेत. १९४६ ते १९४८ या काळात बेदूंबरोबर उंटावरून रुब-अल-खाली दोनदा ओलांडणारा हा माणूस, इथल्या लोकांचा 'मुबारक बिन लंदन'. त्या वाळूकडे पाहताना मला पटले, की करडा म्हणजे रंगांचा अभाव नव्हे, तो स्वतंत्रच रंग आहे. (बायको म्हणाली, "हे कळायला दीड तास गाडी चालवायला हवी होती का?")

उपायही तोच निघाला: करडा बनवायचा नाही, भरायचा. अमेरिकेत जॉन कोन यांनी रंगीत शायांच्या जागी काळ्याच्याच फिक्या-गडद छटा घालून दाखवल्या. २००५ साली एप्सनच्या आर२४०० मध्ये काळा, फिका काळा आणि त्याहून फिका काळा अशा तीन शाया एकत्र आल्या. रंगीत शाई उरली ती चिमूटभर, चवीपुरती.

अशा प्रिंटरवर एका स्नेह्यांकडे पुन्हा छाप काढली. आईने ती दिव्याखाली पाहिली, खिडकीत पाहिली, मग गच्चीत उन्हात नेली.

"हां," ती म्हणाली, "शर्ट पांढराच होता."