पूर्वेकडील मिशनांचा तपासनीस

चौतीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला, आणि तेवढ्या काळांत तपासनीस नांवाचा अधिकारी मला पुष्कळ वेळां भेटला. तो येतो, तास दोन तास बसतो, शेरेबुकांत चार ओळी लिहितो आणि निघून जातो. मुलें मोठीं होतात, मास्तर निवृत्त होतो. त्या चार ओळी मात्र कपाटांत तशाच राहतात. एका पावसाळ्यांत अशाच एका अधिकाऱ्यानें माझ्या वर्गाविषयीं ‘मुलें मंद आहेत’ असा शेरा लिहिला. ओढ्याला पूर आल्यामुळें निम्मीं मुलें त्या दिवशीं आलींच नव्हतीं, आणि जीं आलीं होतीं तीं भिजून कुडकुडत होतीं. हें त्या शेऱ्यांत कोठेंच आलें नाहीं. आज ज्या धर्मगुरूची हकीकत मी सांगणार आहें, तोही तपासनीसच होता. मात्र त्याचा जिल्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जपानपर्यंत पसरलेला होता.

अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटलींतील किएती या गांवीं १५३९ सालीं एका सरदार घराण्यांत जन्मला. पादुआच्या विद्यापीठांत त्यानें कायद्याची पदवी मिळविली. तारुण्यांत तो फार तापट असावा. कारण १५६२ सालीं एका स्त्रीवर तलवारीनें वार केल्याच्या आरोपावरून त्याला व्हेनिसच्या सत्तेखालीं तुरुंगवास भोगावा लागला, आणि कार्डिनल बोर्रोमेओ यांनीं रदबदली केली तेव्हां कोठें त्याची सुटका झाली. १५६६ सालीं तो जेझुइट संघांत शिरला, आणि अवघ्या सात वर्षांनीं संघाच्या मुख्यानें त्याला पूर्वेकडील सर्व मिशनांचा तपासनीस नेमलें. त्या वेळीं त्याचें वय चौतीस होतें! १५७४ च्या मार्चमध्यें सुमारें चाळीस सोबती घेऊन त्यानें लिस्बन सोडलें व त्याच वर्षीं ६ सप्टेंबरला तो गोव्यास उतरला.

हिंदुस्थानांत तो तीन वर्षें राहिला. गोवा, कोचीन आणि मोत्यांसाठीं प्रसिद्ध असलेला दक्षिणेकडील परवांचा किनारा त्यानें पाहिला. १५७५ च्या डिसेंबरांत मांडवी नदींतील चोडण बेटावर त्यानें संघांतील ज्येष्ठ मंडळींची सभा भरविली. वसईचें विद्यालयही त्याच्याच अधिकाराखालीं होतें. इतकें सर्व पाहून त्यानें रोमला जो अहवाल धाडला, त्यांत एतद्देशीय लोक हीन बुद्धीचे आहेत, त्यांना संघांत घेऊं नये, असा अभिप्राय दिला. त्याच्याच कारकीर्दींत, १५७५ सालीं, कोल्लमचा पेरो लुइस नांवाचा एक ब्राह्मण संघांत घेतला गेला होता. परंतु त्याच्यामागें तें दार दीर्घकाळ बंद राहिलें. जपानी आणि चिनी हे ‘गोरे’, म्हणून पात्र. हिंदी माणूस काळा, म्हणून अपात्र, अशी ही विभागणी होती.

हा माणूस सर्वत्र सारखाच आंधळा असता, तर त्याच्यावर भाषण करण्याचें कारण नव्हतें. १५७८ सालीं तो मकावला पोंचला. तेथील पाद्री कित्येक वर्षें चीनच्या उंबरठ्यावर बसले होते, पण चिनी भाषा कोणी शिकला नव्हता. वालिन्यानोनें ठरविलें कीं, चीनमध्यें जावयाचें तर आधीं तिकडील बोलणें, वाचणें व लिहिणें आलें पाहिजे. त्यासाठीं त्यानें हिंदुस्थानांतून माणसें मागविलीं. प्रथम मिकेले रुज्जिएरी आला, आणि १५८२ सालीं गोव्याहून मत्तेओ रिच्ची. चीनच्या दरबारांत युरोपांतील गणित व नकाशे नेणारा रिच्ची तो हाच.

२५ जुलै १५७९ रोजीं वालिन्यानो जपानांत कुचिनोत्सु बंदरीं उतरला. युरोपांत जपानविषयीं गोड गोड पत्रें छापलीं जात असत, आणि तीं वाचून तो आला होता. येथें पाहतो तों पाद्री आणि जपानी भाविक यांच्यांत भिंत उभी! मिशनचा मुख्य फ्रान्सिस्को काब्राल हा करारी मनुष्य होता. जपानी लोक गर्विष्ठ आहेत, त्यांना लॅटिन शिकवूं नये, आणि परक्याला त्यांची भाषा कधींच येणार नाहीं, अशी त्याची समजूत होती. वालिन्यानोनें घाई केली नाहीं. ख्रिस्ती झालेल्या सरदारांचीं गाऱ्हाणीं त्यानें ऐकून घेतलीं. पाहुणा परक्याच्या घरीं येऊन यजमानानेंच आपली रीत सोडावी असें म्हणतो, हा कुठला शिष्टाचार, असा त्या गाऱ्हाण्यांचा मथितार्थ होता. त्यानंतर काब्रालची जागा दुसऱ्याला देण्यांत आली.

वालिन्यानोनें आपल्या माणसांसाठीं जपानी चालीरीतींचें एक नियमपुस्तकच लिहिलें. घर जपानी पद्धतीचें व स्वच्छ असावें, पाहुण्याला चहा देण्याची व्यवस्था असावी, मोठ्या मांसाचें जेवण टाळावें, झेन पंथाच्या भिक्षूंमध्यें जशा पायऱ्या आहेत तशा पाद्र्यांच्याही मानाव्या, म्हणजे कोणी कोणाला किती वांकून नमस्कार करावयाचा हें ठरेल, असा त्याचा विचार होता. अरिमा व अझुची येथें त्यानें जपानी मुलांसाठीं विद्यालयें काढलीं. १५८१ सालीं त्या काळचा सर्वांत बलाढ्य सरदार नोबुनागा यानें त्याचा सन्मान केला. वालिन्यानोच्या अंदाजाप्रमाणें जपानांत तेव्हां दीड लाख ख्रिस्ती होते. या सर्वाचा खर्च मकावच्या रेशमी व्यापारांतील हिश्शावर चालत असे, आणि १५८० सालीं ओमुराच्या सरदारानें दिलेलें नागासाकी बंदरही त्यानें स्वीकारलें. धर्मगुरूंनीं बंदराचा कारभार हातीं घ्यावा, हें मला पटत नाहीं. त्याचे परिणामही पुढें दिसले.

मग मनांत येतें, जपानांत उघडलेले डोळे गोव्यांत मिटलेले कां राहिले? मला वाटतें, याचें उत्तर किल्ल्यांत आहे. जपानांत त्याच्यामागें पोर्तुगीज शिपाई नव्हता. तेथें लोकांचें मन राखल्यावांचून एक दिवस निभाव लागला नसता. म्हणून पाहावें लागलें, ऐकावें लागलें. गोव्यांत मात्र व्हाइसरॉय होता, तोफा होत्या, १५६० पासून इन्क्विझिशनही बसलें होतें. ज्याच्या हातीं सत्ता असते त्याला कान द्यावा लागत नाहीं. आपल्याच लोकांनीं सांगितलें तें त्यानें खरें मानलें. आणखी एक गंमत पाहा. जपानांत जो काब्राल चालला नाहीं, तोच १५९२ सालीं हिंदुस्थानच्या प्रांताचा मुख्य झाला!

आणि येथील मातींत कांहीं नव्हतें असें थोडेंच होतें? १५७९ च्या ऑक्टोबरांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास आला. तो आपल्या मराठीच्या इतका प्रेमांत पडला कीं, त्यानें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलें, आणि तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. तपासनिसाच्या अहवालांत न दिसलेली गोष्ट या माणसाला साष्टीच्या खेड्यांत राहून दिसली.

१५८२ सालीं वालिन्यानोनें चार जपानी मुलें रोमला नेण्यासाठीं जहाजावर घेतलीं. वाटेंत त्याला हुकूम मिळाला कीं, तुम्ही हिंदुस्थानांतच प्रांताचे मुख्य म्हणून राहा. मुलें पुढें गेलीं, स्पेनचा राजा दुसरा फिलिप व पोप तेरावा ग्रेगरी यांना भेटलीं आणि १५८७ च्या मे महिन्यांत गोव्यास परतलीं. जूनमध्यें सेंट पॉल विद्यालयांत हारा मार्टिनो या तरुणानें वालिन्यानोच्या समोर लॅटिनमधून भाषण केलें. तें पुढच्याच वर्षीं गोव्यांत छापलें गेलें. ज्यांना लॅटिन शिकवूं नये असें काब्राल म्हणत होता, त्यांतलाच हा एक. ज्या विद्यालयांत तो बोलत होता, तें १५४१ सालीं एतद्देशीय मुलांसाठींच निघालें होतें. जुन्या गोव्यांत आज त्याची केवळ कमान उभी आहे.

त्याच १५८७ सालीं जपानचा नवा सत्ताधीश हिदेयोशी यानें पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला व नागासाकी काढून घेतलें. म्हणून वालिन्यानो पुन्हां गेला तो पाद्री म्हणून नव्हे, गोव्याच्या व्हाइसरॉयचा वकील म्हणून. ३ मार्च १५९१ रोजीं क्योतो येथें भेट झाली. त्या चार तरुणांनीं युरोपीय वाद्यें वाजवून दाखविलीं. व्हाइसरॉयचें चित्रांनीं सजविलेलें चर्मपत्र क्योतोंतील म्योहो-इन मंदिरानें आजवर जपलें आहे.

आतां वसईकडे वळूं. गोन्सालो गार्सिया हा वसईचाच. बाप पोर्तुगीज, आई एतद्देशीय. जेझुइटांच्या हाताखालीं वाढून तो लहान वयांतच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथील भाषा उत्तम शिकला आणि त्यांच्या घरांत धर्मशिक्षकाचें काम करूं लागला. संघांत घ्यावें अशी त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. तपासनिसाच्या शेऱ्यामुळेंच त्याला नकार मिळाला असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं, परंतु तो शेरा तेव्हां दप्तरांत होता. गोन्सालोनें व्यापार केला, मग मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला. १५९३ सालीं फ्रान्सिस्कन मंडळी हिदेयोशीपुढें उभी राहिली, तेव्हां त्यांच्या वतीनें जपानींत बोलणारा दुभाषी हा वसईकरच होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यांत आलें. त्यांत अझुचीच्या विद्यालयाचा जुना विद्यार्थी, जेझुइट पॉल मिकी होता, आणि गोन्सालो गार्सियाही होता. एकाला संघांत जागा मिळाली होती, दुसऱ्याला मिळाली नव्हती. १८६२ सालीं दोघांनाही संतपद देण्यांत आलें.

वालिन्यानो तिसऱ्यांदा १५९८ सालीं जपानला गेला. १६०१ मध्यें नागासाकी येथें पहिल्या दोन जपानी जेझुइटांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली, ती त्याच्या डोळ्यांदेखत. २० जानेवारी १६०६ रोजीं तो मकावला वारला. वसईंत आज गोन्सालो गार्सियाच्या नांवाचें महाविद्यालय आहे.