अवतरणचिन्हांचा अधिकार

शुद्धलेखन सांगतांना शिक्षक 'पूर्णविराम' म्हणतो. जाणता विद्यार्थी टिंब देतो. एखादा भाबडा तो शब्दच लिहून ठेवतो. समोर आलेला मजकूर आज्ञा समजावी कीं नुसतीं अक्षरें, हा पेंच संगणकापुढेंहि आरंभापासून आहे.

१९५७ सालीं आय. बी. एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या मंडळीनें फोरट्रान ही संगणकाची भाषा सिद्ध केली. तींत छापावयाच्या मजकुराचीं अक्षरें, मोकळ्या जागांसह, मोजावीं, तो आंकडा लिहावा, पुढें 'एच्' घालावा आणि मग मजकूर द्यावा, अशी रीत होती. हा 'एच्' म्हणजे १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीस यंत्रें पुरविणारे हर्मन हॉलरिथ. मोजणी एकानें चुकली कीं मजकुराचें शेवटचें अक्षर आज्ञेंत जाऊन पडे, नाहींतर पुढचा स्वल्पविराम मजकुरांत ओढला जाई. अवतरणचिन्हांनीं ही बोटें मोजण्याची शिक्षा संपविली.

पण चिन्हें दोन. म्हणून कामेंहि दोन झालीं. बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं घडविलेल्या सी भाषेंत एकेरी चिन्हांतील 'ए' म्हणजे एकच अक्षर, वस्तुतः बहुतेक यंत्रांवर ६५ हा आंकडा. दुहेरी चिन्हांतील 'ए' ही अक्षरमाला. तिच्या अंतीं शून्याची खूण असल्यानें ती दोन जागा अडविते.

त्याच प्रयोगशाळेंत स्टीफन बोर्न यांनीं रचलेल्या व १९७९ सालीं युनिक्सबरोबर प्रसिद्ध झालेल्या शेलमध्यें भेद अधिक खोल गेला. डॉलरची खूण लावलेलें नांव दुहेरी चिन्हांत आलें, तर त्याच्या जागीं त्याची किंमत बसते. एकेरी चिन्हांत तें जसेंच्या तसें राहतें. चिन्हेंच विसरलीं तर अनर्थ ओढवतो. समजा, त्या नांवाची किंमत 'जुनीं पत्रें' अशी आहे आणि आज्ञा ती फाइल नष्ट करण्याची आहे. मधल्या मोकळ्या जागेवर शेल किंमतीचे दोन तुकडे करतो आणि 'पत्रें' नांवाची दुसरीच फाइल असली, तर ती बिचारी नाहींशी होते. 'जुनीं पत्रें' मात्र सुखरूप! दुहेरी चिन्हांची एक जोडी तेवढी हवी होती. एकेरी घातलीं असतीं, तर शेलनें डॉलरची खूण हेंच फाइलचें आद्याक्षर मानलें असतें.

लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेनें १९८७ सालीं हीच वहिवाट उचलली, पुढें पीएचपीनेंहि. १९९१ ची पायथॉन मात्र दोन्ही चिन्हें समान मानते. मजकुरांत एकेरी चिन्ह असेल, तर बाहेर दुहेरी घालावें, इतकाच तेथें त्यांचा उपयोग.