कोतवाल मेला, जुलूम राहिला

घाशीराम कोतवाल पुष्कळांना नाटकामुळे ठाऊक आहे. पण तो खराच होऊन गेला. १७७७ साली नाना फडणीसांच्या मर्जीने तो पुण्याचा कोतवाल झाला. पहारा, कोठडी, दंड सारे त्याच्या हाती. जाब विचारणार कोण? १७९१ साली त्याच्या माणसांनी कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले. नानांनी हात झटकले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कारभार मात्र नानांकडेच राहिला.

त्याच पेशवाईत आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात मडके नि कमरेला झाडू होता, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. त्यासाठी कोण खवळले, असे आम्ही विचारतो.

मर्जीने चढलेला मर्जी फिरली की पडतो. जुलूम जागच्या जागी राहतो. बाबासाहेबांनी मर्जीच्या जागी कायदा बसवला. घटनेच्या २१व्या कलमाने कायद्याच्या रीतीशिवाय कुणाचाही जीव घेता येत नाही, मग तो कोतवाल असो की कैदी. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले. म्हणून साहेब कितीही आपला असला, तरी त्याला जाब विचारायचाच.

जय भीम!