तारीख नसलेला सण

शावुओत हा ज्यूंचा मोठा सण, पण तोरामध्ये त्याची तारीखच दिलेली नाही! वल्हांडणापासून सात आठवडे मोजा आणि पन्नासाव्या दिवशी सण करा, एवढंच सांगितलंय. शावुओत म्हणजे हिब्रूत 'आठवडे'च.

आता मोजायला सुरुवात कधी करायची? तर शब्बाथनंतरच्या दिवसापासून. सदूकी म्हणाले, शब्बाथ म्हणजे शनिवार. परूशी म्हणाले, छे, इथे वल्हांडणाचा पहिला दिवस अभिप्रेत आहे. (संदिग्ध रिक्वायरमेंट्सचा इतिहास बराच जुना आहे तर!) परूशींचं मत टिकलं. त्यामुळे हल्ली हा सण मे-जूनमध्ये, सिवान महिन्याच्या 6 तारखेला येतो.

मुळात हा गव्हाच्या कापणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिरात नव्या गव्हाचे दोन पाव अर्पण होत आणि या दिवसापासून शेतकरी पहिली फळं घेऊन येऊ लागत. इसवी सन 200च्या सुमाराच्या मिश्ना ग्रंथात त्या मिरवणुकीचं झकास वर्णन आहे. पुढे शिंगांना सोन्याचा मुलामा दिलेला बैल आणि सोबत पावा. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्याचांदीच्या, त्या परत मिळत. गरिबांच्या वेताच्या टोपल्या मात्र पुजारी फळांसकट ठेवून घेत. हे काही मला पटलं नाही बुवा.

पण तिथेच आणखी एक गोष्ट सापडते. फळं देताना हिब्रूत ठरलेला मजकूर म्हणावा लागे. ज्याला येई तो स्वतः म्हणे, ज्याला येत नसे त्याला कुणीतरी सांगे. मग न येणारे लाजेने यायचेच बंद झाले. शेवटी ठरलं की सगळ्यांनाच सांगायचं, येत असो वा नसो. कुणाचा पाणउतारा नको म्हणून नियमच बदलला! मला अख्ख्या सणात हे सगळ्यात जास्त आवडलं.

इसवी सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. आता टोपली न्यायची कुठे? बायबलने या दिवसाला सिनाय पर्वताशी कुठेच जोडलेलं नाही, पण काही गटांत ती कल्पना आधीपासून रुजत होती. पुढे रब्बींनी ती पक्की केली आणि कापणीचा सण तोरा मिळाल्याचा दिवस झाला. शेत हातातून गेलं तरी पुस्तक कुठेही नेता येतं ना. तरी शेत पूर्ण सुटलं नाहीच. सिनेगॉग हिरव्या पानांनी सजवतात आणि रूथची गोष्ट वाचतात. परक्या मवाब देशातून आलेली ही विधवा दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसं वेचते आणि पुढे दावीद राजाची पणजी ठरते. गंमत म्हणजे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी शेताचे कोपरे न कापता सोडायचा नियम लेवीय ग्रंथात शावुओतच्या नियमांना अगदी लागूनच येतो.

रात्रभर जागून अभ्यास करायची प्रथा मात्र बरीच नंतरची, 16व्या शतकातली. योसेफ कारो, श्लोमो अल्काबेत्स अशा गूढवादी मंडळींनी ती रुजवली. एलियट होरोविट्झ या इतिहासकाराने अशा जागरणांचा संबंध चक्क त्या काळी पसरत असलेल्या कॉफीशी लावलाय! (नाइट शिफ्टवाल्यांना वेगळा पुरावा नको.)

दुधाचे पदार्थ, चीजकेक का खातात, याची कारणं विचाराल तितकी मिळतील. सिनायला मांसाचे नियम कळले, पण त्याप्रमाणे भांडीकुंडी तयार नव्हती, म्हणून त्या दिवशी दूधच, हे त्यातलं प्रसिद्ध.

विसाव्या शतकात किबुत्झमधल्या धर्म न पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी मिरवणूक पुन्हा सुरू केली. मंदिर नव्हतंच, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. पहिल्या फळांबरोबर ते त्या वर्षी जन्मलेली बाळंही मिरवू लागले.