जुन्या रणसाहित्याचे प्रत्यक्ष दर्शन : परंड्याच्या तोफेपासून लष्करी वाहनांपर्यंत

प्रस्तावना :
युद्ध संपल्यावर अवजड रणसाहित्याच्या वाट्याला सामान्यतः तीन गती येतात. ते अन्य कामास जुंपले जाते, भंगारात निघते किंवा जतन केले जाते. जतन झालेली जुनी लष्करी वाहने संग्राहकांनी एकत्र आणून दाखविण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत रुजली आणि आता ती क्षीण होत आहे. या ऱ्हासाचा अर्थ परंड्याच्या इतिहासाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

परंड्याची तोफ :
१५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतलेली सुमारे ५५ टन वजनाची मलिक-ए-मैदान तोफ परंडा किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. तिच्या वाहतुकीस ४०० बैल व १० हत्ती लागले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे १८५४ मध्ये इंग्रजी अमलात तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा सर्वोच्च बोली अवघी १५० रुपये आली. विक्री रद्द झाली म्हणूनच तोफ वाचली. बाजाराने केलेले मूल्यमापन आणि ऐतिहासिक मूल्य यांतील अंतर या प्रसंगातून स्पष्ट होते.

वाहनांचे जतन :
विसाव्या शतकात तोफेची जागा जीप, ट्रक व रणगाड्यांनी घेतली. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि हे लष्करी वाहन शेतीवाडीत व खेड्यापाड्यांत रुळले. जबलपूरच्या कारखान्यातील जोंगा गाड्याही सैन्यातून निवृत्त झाल्यावर लिलावाने नागरिकांकडे आल्या. उपयुक्तता हेच येथे जतनाचे पहिले कारण ठरले; छंद नंतर आला. रणगाडे मात्र खासगी संग्रहाच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांचे जतन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयाने केले. दुसऱ्या महायुद्धातील माटिल्डा, चर्चिल यांसह १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन रणगाडाही तेथे आहे.

मेळाव्यांचा ऱ्हास :
अमेरिकेत १९७६ मध्ये लष्करी वाहन जतन संघटना स्थापन झाली. अशा संघटनांच्या मेळाव्यांत सुटे भाग मिळत, जाणकार भेटत आणि यंत्र चालू अवस्थेत पाहता येई. पुढे खरेदी-विक्री संगणकाच्या पडद्यावर आली, अवजड वाहन दूरवर नेण्याचा खर्च वाढला, जुनी पिढी थकली आणि २०२० च्या महामारीत अनेक मेळावे रद्द झाले. सुटा भाग आता घरबसल्या मिळतो. तो बसविण्याचे हस्तकौशल्य मात्र जाणकाराशेजारी उभे राहूनच शिकावे लागते. मेळाव्याबरोबर लोपते ते हेच ज्ञान.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात अशा मेळाव्यांची परंपरा खोलवर रुजली नाही. त्यामुळे प्रत्यक्ष दर्शनाचा भार संग्रहालये व किल्ले यांच्यावरच पडतो. परंडा किल्ल्यात आजही अनेक जुन्या तोफा आहेत. परिसरातील महाविद्यालयांनी इतिहास, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांच्या सहकार्याने त्यांची मोजमापे, धातू व कोरीव लेख यांची नोंद करणे शक्य आहे. वस्तू जागेवर असणे पुरेसे नाही; तिच्याभोवती जाणकार असावे लागतात. ते नसतील, तर १८५४ च्या लिलावाप्रमाणे तिची किंमत केवळ धातूची उरते.