कांद्याची वाफ आणि तंत्रिकेचे दार

निफाड तालुक्याची ओळख कांद्यावाचून पुरी होत नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. निफाड येथे निवडलेली ‘एन-५३’ ही खरीप जात पुढे दूरवर पसरली. कांदा व लसूण यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिक येथेच सुरू झाले व १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेले. या सर्व उद्योगात उत्पन्न, रंग, टिकाऊपणा यांचा विचार प्रामुख्याने व्हावा हे स्वाभाविकच होते. कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी का येते, हा प्रश्न शेतकऱ्याचा नव्हे. तो प्रथम रसायनशास्त्रज्ञांनी हाती घेतला, आणि त्यामुळेच बराच काळ त्याचा अर्धाच भाग तपासला गेला.

फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्टानेन यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत अश्रुकारक द्रव्याचे पूर्वद्रव्य कांद्यातून वेगळे केले. ते गंधकयुक्त ॲमिनो अम्लापासून बनलेले असते. अखंड कांद्यात ते आणि त्याचे विघटन करणारे एंझाइम ही कोशिकेच्या निरनिराळ्या कप्प्यांत असतात. विळीखाली कप्पे फुटले की त्यांची गाठ पडते व त्यातून अश्रुकारक वाफ उत्पन्न होते. या क्रियेस एकच एंझाइम पुरते, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. २००२ साली जपानी संशोधकांनी त्यासाठी दुसरे स्वतंत्र एंझाइम लागते हे दाखवून ती समजूत दूर केली. येथवरचा इतिहास सर्वस्वी कांद्याचा आहे. वाफ डोळ्यापर्यंत पोचते आणि डोळा झोंबतो, एवढ्यावर विवेचन थांबे. झोंबणे हा जणू वाफेचाच गुण होता. वस्तुतः तो गुण पाहणाऱ्याच्या तंत्रिकेचा आहे.

या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आरंभ एका माशीपासून व्हावा, हे शास्त्राच्या इतिहासातील नेहमीच्या वक्रगतीला धरूनच झाले. १९६९ साली एडिंबरो येथे कोझेन्स व मॅनिंग यांनी फळमाशीच्या एका उत्परिवर्तित वाणाचे वर्णन केले. सतत प्रकाश पडत असताही या माशीच्या डोळ्यातील विद्युत्‌प्रतिसाद टिकत नसे. तो क्षणभर उमटून मावळे, व प्रखर उजेडात माशी आंधळ्यासारखी वागे. या दोषावरूनच १९७५ मध्ये मिंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्षणिक ग्राही विभव’ असे नाव दिले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टी. आर. पी.’ ही संज्ञा रूढ झाली. १९८९ मध्ये मॉन्टेल व रुबिन यांनी त्या जनुकाची रचना प्रसिद्ध केली. ते जनुक ज्या प्रथिनाचे आहे ते कोशिकापटलात बसून कॅल्शियमसारख्या आयनांस आत येऊ देते, म्हणजेच तो एक आयन-मार्ग आहे, हे पुढे स्पष्ट झाले. नाव दोषावरून पडले आणि निरोगी प्रथिनासही तेच चिकटले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवलेली बरी. नावाच्या शब्दार्थावरून या कुलाचे कार्य उलगडू पाहणारा फसतो.

१९९७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीच्या तिखटपणाचा ग्राही शोधला आणि तो याच कुलातला निघाला. तिखट आणि दाहक उष्णता ही दोन्ही ‘टी. आर. पी. व्ही. १’ या एकाच दारातून आत येतात. मिरचीने तोंड ‘पोळले’ असे मराठी माणूस म्हणतो, त्यात केवळ अलंकार नाही. लगेच २००४ मध्ये मोहरीच्या तेलाचा ग्राही ‘टी. आर. पी. ए. १’ असल्याचे दिसून आले व पुढच्याच वर्षी लसणाचीही तीच वाट निघाली. कांद्याची वाफ त्याच वाटेने जाते. ती डोळ्यावरील पाण्याच्या थरात विरघळते, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या टोकांशी हे दार उघडते, आणि मेंदूकडून उलट येणाऱ्या आज्ञेने अश्रू सुटतात. येथे कुलूप-किल्लीचा नेहमीचा दाखला अपुरा पडतो. अशा कित्येक दाहक द्रव्यांचे रेणू प्रथिनातील सिस्टीनच्या गंधकाशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतात. म्हणूनच आकाराने एकमेकांशी मुळीच न जुळणारी द्रव्ये एकच दार उघडू शकतात.

याचे गांभीर्य स्वयंपाकघराबाहेर कळते. १९८४ च्या डिसेंबरात २ व ३ तारखांमधील रात्री भोपाळमध्ये जो मेथिल आयसोसायनेट वायू सुटला, तोही ‘टी. आर. पी. ए. १’ उघडतो, पोलिसांच्या अश्रुधुरातील द्रव्येही तेच करतात. येल येथील संशोधकांनी २००९ मध्ये हे सिद्ध केले आणि त्या मार्गाचा अवरोध केल्यास उंदरांमध्ये या द्रव्यांची बाधा कमी होते असेही दाखविले. भोपाळच्या मृत्यूंचे सारे कारण यात आले असे मात्र समजू नये. फुप्फुसांचा नाश ही त्याहून व्यापक घटना होती. परंतु डोळे जळत रस्त्यावर धावणाऱ्या माणसांच्या वेदनेचे पहिले दार कोणते, हे कळण्यास पंचवीस वर्षे लागली.

हे दार बंद करणारे औषध शोधण्याच्या खटपटीत महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईच्या ग्लेनमार्क या कंपनीने, जिचा एक कारखाना नाशिकच्या सातपूर वसाहतीत आहे, टी. आर. पी. कुलावर विशेष भर दिला होता. मिरचीच्या ग्राहीचा अवरोध करणारा तिचा रेणू २००७ साली एका अमेरिकी कंपनीकडे सोपविला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची चाचणी थांबली. या ग्राहीच्या बाबतीत अन्य संशोधकांनाही एक अनपेक्षित अडचण आली होती: त्याचा अवरोध केल्यास रुग्णाचे अंग तापे. जो ग्राही वेदना कळवितो तोच शरीराच्या तापमानावरही लक्ष ठेवीत असतो. ग्लेनमार्कचा दुसरा रेणू, ‘जी. आर. सी. १७५३६’, ‘टी. आर. पी. ए. १’ साठी होता. मधुमेहामुळे तंत्रिका बिघडून ज्यांच्या पायांत सतत आग होते अशा रुग्णांना तो चार आठवडे देण्यात आला. सर्व रुग्ण एकत्र धरता निष्क्रिय गोळीहून त्याचा गुण निश्चितपणे अधिक ठरला नाही. मात्र ज्यांचे बारीक तंत्रिकातंतू अजून शाबूत होते, त्या रुग्णांत वेदना लक्षणीयरीत्या उतरली.

या निकालास अपयश म्हणावे की दिशादर्शन, याविषयी मतभेद होणे साहजिक आहे. एका गटापुरता आढळलेला गुण पुन्हा स्वतंत्र चाचणीत पारखावा लागतो, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि ज्या तंतूंवर हे दार असते ते तंतूच मधुमेहाने झडून गेले असतील, तर दाराला अडसर घालून काय मिळणार? वेदना तेव्हा अन्य ठिकाणाहून उठत असली पाहिजे. सर्व रुग्णांच्या पायांची आग एकाच नावाने नोंदली जाते. पुढील चाचणीत औषध देण्यापूर्वी तंतूंची अवस्था तपासून रुग्णांची विभागणी करावी लागेल.