एका चाकाची गोष्ट

उसाच्या फडात ट्रॅक्टरचं एक चाक रुतून गरगरायला लागलं की ड्रायव्हर एक पेडल दाबतो. झालं, दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर! हे डिफरेन्शियल लॉक. वळताना मात्र सोडावंच लागतं, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. ती सोय करणारं डिफरेन्शियल पेक्यूर या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ साली काढलं. खोट एकच, एक चाक घसरलं की दुसरं ढिम्म.

पुढे पोर्शेनं आखलेल्या ऑटो युनियनच्या रेसगाडीचं मागचं चाक ताशी १६० किलोमीटरपर्यंत घसरायचं. म्हणून १९३५ साली झेडएफ कंपनीकडून 'लिमिटेड स्लिप' डिफरेन्शियल करवून घेतलं. पेडलबिडल नाही, घसरण आपोआप आवरणारं. म्हणजे जन्मच शर्यतीचा!

आमच्या पुतण्याला हेच हवंय, रोज कोल्हापूर ते इचलकरंजी जाणाऱ्या साध्या गाडीला. कशाला रे बाबा? कोरड्या डांबरावर त्या गाडीचं चाक घसरतंय कुठे? भर पावसात गगनबावड्याचा घाट उतरताना भरवसा टायरचा आणि ब्रेकचा. तिथे हे यंत्र काही गाडी थांबवत नाही. नव्या गाड्यांत तर ट्रॅक्शन कंट्रोल घसरत्या चाकाला ब्रेक लावून बरंचसं तेच काम करतं. (टायर गुळगुळीत झालेत, ते आधी बदल म्हटलं तर साहेब रुसले.)

हां, राधानगरीकडे शेत असेल, मागच्या चाकांवर चालणारी जीप असेल आणि पावसाळ्यात रोज चिखल तुडवायचा असेल, तर जरूर बसवा.